घरातली आवाजबंद खोली: फोम नंतर पाहा, आधी वजन, दार आणि हवा

नाशिकमध्ये बंगल्यांच्या जागी इमारती उभ्या राहत गेल्या आणि रियाझाची पंचाईत झाली. गंगापूर रोड घ्या, इंदिरानगर घ्या, पाथर्डी फाटा घ्या. दोन फ्लॅटच्या मध्ये चार-सहा इंचांची भिंत, वर-खाली स्लॅब, आणि पहाटे पाचला खर्ज लावायचा म्हटलं की आधी शेजारच्यांची झोप आठवते. तबला शिकणारी मुलं दुपारची वामकुक्षीची वेळ टाळतात, रात्री नऊनंतरची वेळ टाळतात, मधला दिवस शाळा आणि क्लास खातो. ज्या गावात गायक द. वि. पलुसकर जन्मले, त्या गावातल्या मुलांनी आवाज दाबून गायला शिकावं, याचं मला मनापासून वाईट वाटतं.

दुसरी मंडळी वेगळ्या अडचणीत आहेत. घरून ऑनलाइन शिकवणारे शिक्षक, ऑडिओबुक वाचणारे, व्हॉइस-ओव्हर करणारे, रात्री परदेशातल्या लोकांशी मीटिंग करणारे. त्यांना बाहेरचा आवाज आत नको असतो. माइक लावला की कुकरची शिट्टी, भाजीवाल्याचा भोंगा, उड्डाणपुलावरचे ट्रक, सगळं रेकॉर्डिंगमध्ये येतं.

या दोघांनाही हल्ली एकच उपाय सुचवला जातो: तयार पॅनलची आवाजबंद खोली. कारखान्यात भिंती, छत, जमीन आणि दार असे तुकडे बनवायचे, घरी आणून नट-बोल्ट किंवा खाचांनी जोडायचे, की राहत्या खोलीच्या आत एक छोटी खोली तयार. बांधकाम नाही, प्लास्टर नाही, भाड्याच्या घरातही चालते आणि घर बदललं की सोबत नेता येते. जपानमध्ये ही गोष्ट चांगलीच रुळलेली आहे. तिथे यामाहा ‘अविटेक्स’ नावाने आणि कावाई ‘नासाल’ नावाने अशा खोल्या विकतात, आणि त्यांचं माप चटईच्या हिशेबात सांगतात. सगळ्यांत लहान खोली एका ताटामीपेक्षाही कमी जागेत मावते. एक ताटामी म्हणजे साधारण सहा फूट बाय तीन फूट. दाट वस्ती, हलकी बांधकामं आणि घरोघरी पियानो, यातून तिथे ही गरज निर्माण झाली. १९७४ मध्ये हिरात्सुका शहरात पियानोच्या आवाजाच्या रागातून एका शेजाऱ्याने एका आईचा आणि तिच्या दोन मुलींचा खून केला होता. त्या देशात शेजाऱ्याचा आवाज हा विषय किती गंभीरपणे घेतला जातो, हे त्यावरून लक्षात यावं.

आपल्याकडे मात्र अशी खोली घ्यायला निघालेला माणूस बहुतेक वेळा चुकीच्या गोष्टीकडे बघतो. आतून लावलेला काळा, टोकदार फोम बघतो आणि समाधान पावतो. पण आवाज अडवण्याशी फोमचा जवळजवळ काही संबंध नाही. तो का नाही, हे कळलं की पुढची सगळी खरेदी सोपी होते.

आवाज अडवणं वेगळं, शोषणं वेगळं

भिंतीवर आवाज आदळतो तेव्हा भिंत अगदी किंचित हलते, आणि तिच्या त्या हलण्यातून पलीकडच्या हवेत पुन्हा आवाज तयार होतो. म्हणून भिंत जितकी जड तितकी ती कमी हलते आणि तितका कमी आवाज पलीकडे जातो. एकेरी भिंतीचं वजन दुप्पट केलं की साधारण पाच ते सहा डेसिबलचा फायदा होतो. नियम इतका साधा आहे. आता वजनं पाहा. पाऊण इंची एमडीएफचा (लाकडाचा भुसा दाबून केलेल्या बोर्डाचा) चौरस मीटरचा तुकडा तेरा-चौदा किलोचा असतो. अर्धा इंची जिप्सम बोर्ड आठ-नऊ किलो. एक इंची फोम एक किलोसुद्धा नाही. जो एक किलोचाही नाही, तो काय अडवणार? अंड्यांच्या ट्रेचंही तेच. भिंतभर ट्रे चिकटवून शेजारी निर्धास्त झोपले, असं कुठेही होत नाही.

फोमचं काम निराळं. तो खोलीच्या आतली घुम कमी करतो. आवाज भिंतीवर आपटून परत येतो, त्यातला काही भाग फोमच्या छिद्रांमध्ये अडकून जिरतो. या विषयाचा पाया हार्वर्ड विद्यापीठातल्या वॉलेस सॅबिन यांनी घातला. १८९५ मध्ये त्यांच्याकडे फॉग म्युझियमच्या व्याख्यानगृहाचं काम आलं. तिथे वक्त्याचा एक शब्द संपायच्या आत पुढचा त्यावर चढायचा. सॅबिन यांनी जवळच्या नाट्यगृहातल्या खुर्च्यांच्या गाद्या रात्री उचलून आणल्या, एकेक वाढवत नेल्या आणि घुम किती सेकंदांत विरते ते मोजलं. गाद्या वाढल्या तसा घुमण्याचा काळ कमी झाला. पण त्या गाद्यांनी व्याख्यानाचा आवाज इमारतीबाहेर जायचा थांबवला नाही. तसा त्यांचा उद्देशही नव्हता. फोम लावलेल्या खोलीत टाळी वाजवली की आवाज ‘मेलेला’ वाटतो आणि आपण समजतो की आवाज अडला. शेजारच्या खोलीत जाऊन ऐकलं तर टाळी तशीच ऐकू येते.

दोन भिंती आणि मधली पोकळी

फक्त वजनाच्या जोरावर लांब जाता येत नाही. चौरस मीटरला पंचवीस किलोच्या पॅनलने तीस डेसिबल अडत असतील, तर छत्तीससाठी पन्नास किलो लागतील आणि बेचाळीससाठी शंभर. इतकं वजन तिसऱ्या मजल्यावर कोण चढवणार? म्हणून चांगल्या तयार खोल्यांच्या भिंती दुहेरी असतात: दोन पातळ थर, मध्ये पोकळी, पोकळीत रॉकवूल, म्हणजे दगड वितळवून केलेल्या तंतूंची लोकरीसारखी गादी. बाहेरच्या थराला आतल्या थराचा थेट स्पर्श जितका कमी तितकं बरं. तयार खोली घरच्या भिंतींपासून चार बोटं दूर उभी केली की खोली, मधली हवा आणि घराची भिंत मिळून आणखी एक दुहेरी रचना तयार होते. या मोकळ्या जागेचा पावसाळ्यात दुसराही उपयोग होतो. बाहेरच्या ओलसर भिंतीला एमडीएफ चिकटून उभं राहिलं तर फुगतं आणि मागे बुरशी धरते.

दुहेरी भिंतीची एक खोड मात्र विक्रेते सांगत नाहीत. दोन थर आणि मधली हवा मिळून स्प्रिंगवर ठेवलेल्या दोन वजनांसारखे वागतात. त्यांचा स्वतःचा एक सूर असतो आणि त्या सुराला भिंत अडवण्याऐवजी साथ देते. दहा-दहा किलोचे दोन थर आणि मध्ये पाच सेंटिमीटर पोकळी असेल तर हा सूर साधारण १२० हर्ट्झच्या (सेकंदाला १२० कंपनांच्या) आसपास येतो. पोकळी दहा सेंटिमीटर केली तर ८५ पर्यंत उतरतो. त्या सुराच्या खाली दुहेरी भिंतीचा फायदा संपतो. ती एकाच जड भिंतीसारखी वागते.

गाणाऱ्यांनी हा आकडा लक्षात ठेवावा. काळी एक पट्टीत (पेटीवरची पहिली काळी पट्टी षड्ज धरून) गाणाऱ्या पुरुषाचा मध्य षड्ज १३९ हर्ट्झच्या जवळ असतो आणि खर्जातला षड्ज ६९ च्या. काळी चारमध्ये गाणाऱ्या बाईंचा षड्ज २०८ च्या आसपास. म्हणजे बाईंचा आवाज अशी खोली चांगला सांभाळते, पण पुरुषाचा खर्ज आणि डग्ग्याचा घुमारा पातळ भिंतींच्या खोलीतून बाहेर पडतोच. पाण्याच्या मोटरची गुणगुण आणि उड्डाणपुलावरच्या ट्रकची घरघर याच पट्टीतली, म्हणून ती आत येते. कुकरची शिट्टी मात्र वरच्या पट्टीतली, ती जवळजवळ पूर्ण थांबते. खोली घेतल्यावर ‘शिट्टी गेली पण ट्रक ऐकू येतो’ असं झालं, तर खोली खराब निघाली असं समजू नका. पातळ भिंतींकडून तेवढंच होतं.

पस्तीस डेसिबल म्हणजे किती?

डेसिबलचा हिशेब सरळ बेरजेचा नसतो. दहा डेसिबल कमी झाले म्हणजे आवाजाची ऊर्जा दहावा हिस्सा उरली. कानाला मात्र तो साधारण निम्मा वाटतो. पस्तीस डेसिबल अडले म्हणजे ऊर्जेचा तीन हजारावा हिस्सा बाहेर पडला. ऐकायला हे प्रचंड वाटतं, पण जवळ उभ्या असलेल्या माणसाला गाणं ऐकू येतं, अगदी बारीक, शब्द कळतील न कळतील असं.

मग त्याचा उपयोग काय? इथे बरेच जण निराश होतात, आणि मला वाटतं उगाचच होतात. कारण तयार खोली एकटी काम करत नाही, तिच्याबरोबर घराच्या भिंतीही असतात. मोकळ्या आवाजात गाताना खोलीत ८५ डेसिबल झाले असं धरा. तयार खोलीने ३५ अडवले, बाहेरच्या बेडरूममध्ये ५० उरले. शेजारची चार इंची, दोन्ही बाजूंनी प्लास्टर केलेली विटांची भिंत साधारण ४० अडवते. पलीकडे उरले दहा. रात्रीच्या शांत बेडरूममध्येसुद्धा पंखा वगैरे धरून तीसच्या आसपास आवाज असतोच, त्यात हे दहा हरवून जातात. शेजाऱ्यांचा प्रश्न सुटला. घरातल्यांचा तितका सुटत नाही, कारण मधलं पोकळ फ्लश डोअर जेमतेम वीस डेसिबल अडवतं. स्वयंपाकघरात गाणं हळू ऐकू येईल. आकडे ढोबळ आहेत, पण खरेदीआधी असा हिशेब कागदावर मांडलाच पाहिजे.

नव्या इमारतींत विटांऐवजी पांढरे हलके ब्लॉक वापरतात. त्यांची घनता विटेच्या तिसऱ्या हिश्श्याच्या आसपास असते, म्हणून तेवढ्याच जाडीच्या भिंतीतून आवाज अधिक जातो. तुमची भिंत कशाची आहे हे बिल्डरला किंवा सोसायटीला विचारून घ्या आणि हिशेबात चाळीसऐवजी पस्तीस धरा.

ढोल, ताशा आणि ड्रम सेट यांचं मात्र या हिशेबात बसत नाही. ते शंभर डेसिबलच्या पुढे जातात, आणि ढोलाची नि ड्रम सेटची खरी ताकद खालच्या पट्टीत असते, जिथे तयार खोली पंधरा डेसिबलसुद्धा अडवेल की नाही अशी स्थिती. नाशिक ढोलचा सराव फ्लॅटमधल्या डब्यात होणार नाही. कुणी होतो म्हणत असेल तर पैसे देऊ नका.

कायद्यालाही इथे जागा आहे. २००० सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांप्रमाणे निवासी भागात दिवसा ५५ आणि रात्री १० ते सकाळी ६ या वेळात ४५ डेसिबल ही परिसरातल्या आवाजाची मर्यादा आहे. घरातल्या रियाझाचा आवाज इमारतीबाहेर त्या आकड्यापर्यंत क्वचितच जातो, पण रात्रीचा ४५ हा आकडा डोळ्यांसमोर ठेवून आपण किती अडवायला हवं ते ठरवता येतं.

फट

मच्छरदाणी कितीही भारी आणली आणि एक कोपरा गादीखाली खोचायचा राहिला की रात्रभर डास चावतात. आवाजाचं अगदी तसंच आहे. खोलीच्या एकूण पृष्ठभागाचा एक टक्का जरी उघडा राहिला, तर भिंती कितीही जाड असोत, वीस डेसिबलच्या वर काही अडत नाही. एक टक्का ही फार मोठी फट झाली. चार फूट बाय चार फूट बाय सात फूट खोलीच्या दाराभोवती सगळीकडून फक्त तीन मिलिमीटरची फट राहिली, तर सगळी खोली तीसच्या अलीकडेच अडकते. भिंती पन्नासच्या असल्या तरी.

म्हणून दार हा या खोलीचा सगळ्यांत महाग आणि सगळ्यांत महत्त्वाचा भाग. दार जड हवं, चारी बाजूंनी रबराची पट्टी हवी, आणि ती पट्टी नुसती टेकून चालणार नाही, दाबली गेली पाहिजे. फ्रीजसारखी चुंबकी पट्टी किंवा हँडल फिरवल्यावर दार आत ओढून घेणारी कडी, दोन्ही चालतात. साधी टिचकी कडी चालत नाही. खाली उंबरठा हवा. अडखळायला होतं म्हणून उंबरठा काढलेली खोली दिसली तर दार बंद झाल्यावर खाली उतरणारी पट्टी आहे का ते पाहा. काच असेल तर दोन काचा, वेगवेगळ्या जाडीच्या. सारख्या जाडीच्या दोन काचा एकाच सुराला सारख्याच कमकुवत असतात. माइक आणि लॅपटॉपच्या तारांसाठी भोक लागतं, ते पुट्टीने किंवा खास रबरी बुचाने भरायचं.

तपासायची युक्ती सोपी आहे. रात्री दिवे बंद करून खोलीत मोठी टॉर्च लावून ठेवा, दार बंद करा आणि बाहेरून सगळ्या सांध्यांवर नजर फिरवा. उजेड दिसला तिथून आवाजही जाणार. मग दारात कागदाची पट्टी धरून दार लावा आणि ओढा. सहज निघाली तर तिथे रबर दाबलं जात नाही. विक्रेत्याच्या शोरूममध्ये हे करायला लाजू नका.

हवा

ज्या खोलीतून आवाज जात नाही, तिच्यातून हवाही जात नाही. माझ्या मते या विषयातला सगळ्यांत दुर्लक्षित आणि सगळ्यांत गंभीर भाग हाच आहे.

शांत बसलेला माणूस तासाला साधारण वीस लिटर कार्बन डायऑक्साइड बाहेर सोडतो. वरच्या चार बाय चार बाय सात फुटांच्या खोलीत सुमारे तीन हजार लिटर हवा मावते. बाहेरच्या हवेत हा वायू दहा लाखांत सव्वाचारशे भाग असतो. हजारच्या वर गेला की खोली कोंदट वाटायला लागते. दार घट्ट लावून बसलं तर हजारचा आकडा पाच-सहा मिनिटांत गाठला जातो. तासाभरात तो सात हजारांजवळ जातो. डोकं जड होतं, जांभया येतात, गाणाऱ्याचा दम लवकर संपतो आणि शिकणाऱ्या मुलाला वाटतं आपलाच आळस आहे. हवा चांगली ठेवायची तर खोलीतली सगळी हवा दर पाच मिनिटांनी बदलली पाहिजे, म्हणजे तासाला निदान पस्तीस घनमीटर. गाताना श्वास जास्त लागतो, तेव्हा त्याहून अधिक.

उकाडा तर आणखी आधी जाणवतो. माणूस नुसता बसून शंभर वॉटच्या बल्बइतकी उष्णता सोडतो. त्यात लॅपटॉप आणि दिवा. एप्रिल-मेमध्ये नाशिकचा पारा चाळीसजवळ जातो, तेव्हा गरम बेडरूममधली ही बंद खोली वीस मिनिटंही सहन होत नाही. श्वासापुरती हवा फिरवून उष्णता जात नाही, त्यासाठी तिच्या दुप्पट तरी हवा लागते. म्हणून खोली अशा ठिकाणी ठेवा जिथे घराचा एसी किंवा कूलर आहे, म्हणजे पंखा तीच थंड हवा आत ओढेल. उन्हाच्या भिंतीला किंवा बंद केलेल्या बाल्कनीत खोली ठेवणं टाळाच.

आता अडचण अशी की हवेला वाट दिली की आवाजालाही वाट मिळते. त्यावरचा उपाय अंबड-सातपूरच्या औद्योगिक वसाहतीत काम केलेल्या कुणालाही माहीत असतो: जनरेटरवरचा डबा. जनरेटरला थंड हवा ओढावी लागते आणि गरम हवा सोडावी लागते, तरीही २००५ पासून बनलेल्या एक हजार केव्हीएपर्यंतच्या डिझेल जनरेटरला डब्यापासून एक मीटरवर ७५ डेसिबलची मर्यादा आहे. ते जमतं कारण हवा सरळ भोकातून जात नाही. ती आतून रॉकवूल लावलेल्या, दोन-तीन वळणांच्या रुंद वाटेतून जाते. हवा वळते, आवाज प्रत्येक वळणावर रॉकवूलवर आपटून थोडा थोडा जिरतो. घरच्या खोलीतही तेच हवं: हवा आत यायला एक वळणाची पेटी, बाहेर जायला दुसरी, आणि दोन्ही रुंद. वाट अरुंद असली की हवा जोरात वाहते आणि तिचाच सूंsss आवाज माइकमध्ये येतो. मोठा पंखा हळू फिरवणं हे लहान पंखा जोरात फिरवण्यापेक्षा कधीही चांगलं. फोमच्या भिंतीत पीसीचा पंखा बसवून दिलेली खोली दिसली तर समजा की ती आवाजाच्या किंवा हवेच्या बाबतीत फसणार, बहुधा दोन्ही बाबतीत.

आतला आवाज कसा वाटेल

चार फुटी चौरस खोलीत गाणाऱ्यांना विचित्र अनुभव येतो आणि त्याचं कारण गळ्यात नसतं. समोरासमोरच्या दोन भिंतींमध्ये आवाजाची लाट बरोबर मावली की तो सूर अडकून फुगतो. आतून बरोबर चार फूट अंतराला हा सूर १४० हर्ट्झच्या आसपास येतो. म्हणजे नेमका काळी एकचा षड्ज! भिंतीकडे सरकलं तर सा गडगडतो, अगदी मध्यावर उभं राहिलं तर तोच सा दबतो, आणि रिषभ-गंधार साधेच वाटतात. चौरस खोलीत लांबी आणि रुंदी दोन्ही मिळून एकाच सुराला पकडतात, म्हणून दोष दुप्पट जाणवतो. खोली घ्यायचीच तर लांबी आणि रुंदी वेगवेगळी असलेली घ्या, चार बाय पाच किंवा चार बाय सहा. पट्टी ठरलेली असेल तर विकत घेण्याआधी तिच्या षड्जाशी खोलीचं माप ताडून पाहा: ३४३ ला खोलीच्या मीटरमधल्या लांबीच्या दुपटीने भागा, तो फुगणारा सूर.

पातळ फोम या फुगण्याला हात लावत नाही, तो फक्त वरच्या पट्टीतली चमक खातो. परिणाम असा की ‘स’ आणि ‘श’ मरतात, खालचा घुमारा तसाच राहतो आणि आवाज रांजणातून आल्यासारखा होतो. उपाय म्हणजे कोपऱ्यात उभं, निदान चार इंच जाड रॉकवूल कापडात गुंडाळून बसवणं, आणि बाकीच्या भिंतींपैकी एखादी उघडी ठेवणं. रियाझाला थोडी परतफेड लागते. स्वतःचा आवाज परत आला नाही की गाणारा नकळत जोर लावतो आणि घसा धरतो. व्हॉइस-ओव्हर करणाऱ्याला मात्र जास्त मेलेली खोली चालते.

वाद्य मोठ्या आवाजाचं असेल तर कानांची काळजी घ्या. लहान खोलीत आवाज पसरायला जागा नसते, त्यामुळे वाजवणाऱ्याच्या कानावर तो मोकळ्या खोलीपेक्षा जास्त आदळतो. अमेरिकेतली नायोश ही कामगारांच्या आरोग्यावर संशोधन करणारी संस्था ८५ डेसिबलला दिवसाचे आठ तास ही मर्यादा सांगते, आणि पुढे दर तीन डेसिबलला वेळ निम्मी. शंभर डेसिबलला फक्त पंधरा मिनिटं उरतात. ट्रम्पेट किंवा सॅक्सोफोन वाजवणाऱ्या मुलाला अशा खोलीत बसवताना कानात प्लग घालायची सवय पहिल्या दिवसापासून लावा.

खालचा मजला

हवेतून जाणारा आवाज आणि जमिनीतून जाणारा दणका या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. तबला जमिनीवर ठेवून वाजवला की डग्ग्याचा ठोका फरशीत शिरतो, फरशीतून स्लॅबमध्ये, आणि खालच्यांच्या छतातून बाहेर पडतो. भिंती कितीही जाड असोत, त्याला त्या अडवत नाहीत. त्यासाठी खोलीची जमीन रबराच्या ठोकळ्यांवर तरंगती असावी लागते. ठोकळे वजनाला साजेसे हवेत. फार कडक असले तर दणका तसाच जातो, फार मऊ असले तर चेपून निकामी होतात. विक्रेत्याला ‘किती वजनाला कोणते पॅड’ असं विचारा. उत्तर येत नसेल तर पॅड शोभेचे आहेत.

वजनाचा दुसराही प्रश्न आहे. आपल्याकडच्या मानकाप्रमाणे घराच्या स्लॅबवर माणसं आणि सामान धरून चौरस मीटरला दोनशे किलोचा भार गृहीत धरतात. वरच्या मापाच्या खोलीचा पृष्ठभाग तेरा चौरस मीटर. पंचवीस किलोच्या पॅनलने ती सव्वातीनशे किलोची होते. आत माणूस आणि वाद्य धरून सव्वाचारशे. जागा दीड चौरस मीटरहून कमी. म्हणजे त्या तुकड्यावर चौरस मीटरला तीनशेच्या आसपास भार. बाकीची बेडरूम रिकामी असेल आणि खोली तुळईजवळ, भिंतीलगत असेल तर बहुतेक वेळा निभावतं, पण जुन्या इमारतीत किंवा मधोमध ठेवायची असेल तर स्ट्रक्चरल इंजिनिअरला एकदा दाखवाच.

माहितीपत्रकातला आकडा

जपानी खोलीवर डीआर-३५ किंवा डीआर-४० असं लिहिलेलं असतं, अमेरिकन पॅनलवर एसटीसी, युरोपीय पॅनलवर आरडब्ल्यू. आवाज किती अडतो हे सांगणारी ही तीन मापं. यातला फरक जाणून घ्या. एसटीसी आणि आरडब्ल्यू बहुतेक वेळा प्रयोगशाळेत तपासलेल्या एकट्या पॅनलचे असतात, ज्याला ना दार ना हवेचं भोक. जोडलेली खोली त्यापेक्षा बरीच कमी भरते. शिवाय एसटीसीत १२५ हर्ट्झच्या खालचा आवाज मोजलाच जात नाही, म्हणजे खर्ज आणि डग्गा हिशेबाबाहेर. बोलण्यासाठीच्या बूथकरता आयएसओ २३३५१-१ हे २०२० चं मानक आहे. ते पूर्ण जोडलेल्या बूथमधून बोलण्याचा आवाज किती कमी होतो ते सांगतं. ऑनलाइन शिकवणाऱ्यांनी हा आकडा मागावा, तिसाच्या पुढे असेल तर उत्तम.

फोनवरचं आवाज मोजायचं अॅप अचूक नसतं, पण फरक दाखवायला पुरतं. छोट्या स्पीकरवर एकसारखा ‘खssर’ आवाज लावून तो खोलीत ठेवा, आत मोजा, दार लावून बाहेर मीटरभर अंतरावर मोजा. मग तसंच डग्ग्याचं रेकॉर्डिंग लावून कानाने ऐका, कारण फोनचा माइक खालचे सूर नीट पकडत नाही.

आगीबद्दल स्पष्ट लिहितो. २० फेब्रुवारी २००३ रोजी अमेरिकेतल्या ऱ्होड आयलंड राज्यात ‘द स्टेशन’ नावाच्या नाइटक्लबमध्ये भिंतीवरच्या साध्या फोमने आतषबाजीच्या ठिणगीने पेट घेतला आणि शंभर माणसं गेली. फोम आवाजासाठीच लावलेला होता. तुमच्या खोलीत तो कितीही थोडा असो, आग न धरणारा असल्याचं लेखी मागा, शक्य तिथे फोमऐवजी रॉकवूल वापरा, आत अगरबत्ती-निरांजन लावू नका, आणि दार आतून एका हाताने, चावीशिवाय, लहान मुलालाही उघडता आलं पाहिजे. आत बसलेल्याची हाक बाहेर ऐकू येणार नाही, हे विसरू नका.

मीटिंग आणि शिकवणी एवढीच गरज असेल तर मी आधी खिडकीकडे बघायला सांगेन. आपल्याकडची सरकणारी अॅल्युमिनियमची खिडकी सगळीकडून गळकी असते. तिच्याऐवजी रबर पट्टीची, आत दाबून बंद होणारी खिडकी आणि जाड काच बसवली, खोलीच्या दाराला भरीव पल्ला आणि खाली पट्टी लावली, की पुष्कळांना तयार खोलीची गरजच उरत नाही. गाणं, तबला, बासरी, व्हायोलिन रोज दोन तास आणि रात्रीच्या वेळी करायचं असेल, तेव्हा मात्र तयार खोली पैसे वसूल करते.

ऑर्डर देण्याआधी इमारतीच्या लिफ्टचं आणि घराच्या दाराचं माप घ्या. सात फुटी पॅनल लिफ्टमध्ये तिरकं मावेल की जिन्याने न्यावं लागेल ते आधी ठरवा. छताचं पॅनल वरून उतरवायला खोलीच्या वर निदान फूटभर जागा लागते. जोडताना प्रत्येक पॅनलच्या मागे क्रमांक लिहून ठेवा. पुढे घर बदलताना खोली उलगडली की सांध्यांतल्या रबराच्या पट्ट्या चपट्या झालेल्या असतात. त्या नव्या घेतल्याशिवाय खोली पुन्हा जोडू नका, आणि नव्या घरी टॉर्चची तपासणी पुन्हा एकदा करा.